सहा ग्राफिक्स कार्डं, एक बोर्ड: मायनिंगसाठी स्वतःचा बॅकप्लेन कसा आखावा

मायनिंग रिगमध्ये, म्हणजे क्रिप्टो नाणी कमावण्यासाठी बरीच ग्राफिक्स कार्डं जोडलेल्या संगणकात, काही जळलं, तर काळं काय पडलंय ते आधी पाहा. कार्डाची चिप जळाल्याचं फार क्वचित दिसतं. वितळलेला असतो तो रायझरला (कार्ड मदरबोर्डापासून लांब बसवणाऱ्या छोट्या जोड-पट्टीला) वीज देणारा चपटा प्लग, नाहीतर त्याच्या मागची पिवळी तार. म्हणून स्वतःचा बोर्ड आखायला बसलात की पहिला कागद विजेच्या हिशेबाचा घ्यावा आणि सिग्नलचा त्यानंतर. बहुतेक जण उलट करतात. मीही तेच केलं होतं.

या लेखात आखायचा बोर्ड, म्हणजेच बॅकप्लेन, असा आहे: एका लांब पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डावर) सहा एक्स-१६ स्लॉट (ग्राफिक्स कार्डाच्या लांब खाचा), प्रत्येकात कार्ड थेट उभं, मदरबोर्डाकडून आलेली एकच बारीक केबल आणि वीज सरळ बोर्डावर. सहा रायझर, सहा केबली आणि त्यांचे डझनभर प्लग हे सगळं जंजाळ यात निघून जातं. आराखड्यासाठी केआयकॅड हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. हत्यारांमध्ये मल्टिमीटर, करंटची मर्यादा ठरवता येणारा बेंच सप्लाय आणि दोन दिवसांपुरता का होईना, एक ऑसिलोस्कोप लागेल.

कामाला लागण्यापूर्वी पैशाचं बोलून टाकू. बिटकॉइनचं मायनिंग २०१३ पासून असिक यंत्रांकडे, म्हणजे फक्त त्या एकाच कामासाठी घडवलेल्या चिपकडे गेलं. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमनेही मायनिंग बंद करून प्रूफ ऑफ स्टेक ही नाणी तारण ठेवण्याची पद्धत स्वीकारली आणि ग्राफिक्स कार्डांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक गेलं. आता रेव्हनकॉइन, इथेरियम क्लासिक, अर्गो अशी नाणी उरली आहेत. त्यांच्या कमाईतून वीजबिल सुटतं का, हा हिशेब बोर्डाची ऑर्डर देण्याआधी करा. नाहीच सुटलं, तरी रेंडरिंगसाठी किंवा स्वतःच्या मशिनवर एआय मॉडेल चालवण्यासाठी हाच बोर्ड कामी येतो.

डेटाची वाट बारीकच पुरते

मायनिंगमध्ये कार्डाला मदरबोर्डाकडून फारसं काही घ्यावं लागत नाही. ब्लॉकचं हेडर मिळालं की कार्ड स्वतःच नॉन्स (अंदाजाने लावून पाहायचा आकडा) बदलत बसतं आणि उत्तर सापडलं तर काही बाइट परत पाठवतं. इथेरियम क्लासिकसारख्या नाण्यांना कित्येक गिगाबाइटची डॅग फाइल (गणितासाठीचा मोठा तक्ता) लागते, पण तीही कार्ड आपल्याच मेमरीत तयार करतं. पीसीआय एक्स्प्रेसची, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या वाटेची, एकच लेन (एक्स-१) पहिल्या पिढीच्या सेकंदाला २.५ गिगाट्रान्सफर वेगाने चालली तरी प्रत्येक दिशेला सेकंदाला २५० मेगाबाइट देते. दुसऱ्या पिढीत ते ५०० होतात. मायनिंगला याचा लहानसा अंशही लागत नाही.

एक्स-१६ कार्ड एका लेनवर चालवणं हा काही जुगाड नाही. लिंक जुळताना दोन्ही टोकं किती लेन जिवंत आहेत ते तपासतात आणि जमेल त्या रुंदीवर काम सुरू करतात. कार्डाने एक्स-१ वर चाललंच पाहिजे, असा मानकाचाच नियम आहे. एक्स-१६ स्लॉटचे १६४ संपर्क असले तरी आपल्याला पहिले ३६ च महत्त्वाचे. बाकीच्या लेन मोकळ्या सोडायच्या, फक्त ग्राउंडचे सगळे पिन जोडायचे. मग एक्स-१६ चा लांब कनेक्टर कशाला? तर जड कार्डाला आधार मिळावा म्हणून.

एआयसाठी बोर्ड वापरणार असाल तर एक हिशेब लक्षात असू द्या. २४ गिगाबाइटचं मॉडेल ५०० मेगाबाइटच्या वाटेने कार्डात भरायला कागदावरच ४८ सेकंद लागतात. एकदा भरलं की पुढे चालतं, पण दर दोन मिनिटांनी मॉडेल बदलणाऱ्याला हा बोर्ड सोसवणार नाही.

तीन वाटांमधली एक निवडा

पहिली वाट अगदी साधी. मदरबोर्डावर मुबलक स्लॉट असतील तर आपला बोर्ड नुसता जोडकामापुरता उरतो: प्रत्येक स्लॉटची केबल वेगळी आणि मधे एकही चिप नाही. एसरॉकच्या एच११० प्रो बीटीसी प्लसवर १३ स्लॉट होते, आसुसच्या बी२५० मायनिंग एक्स्पर्टवर तर १९. तसा बोर्ड हाताशी असेल तर पुढचा चिपचा भाग सोडून थेट विजेकडे जा.

दुसरी वाट बायफर्केशनची. एका एक्स-१६ स्लॉटचे चार एक्स-४ तुकडे पाडता येतात. मात्र बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) तशी सोय असावी लागते, कार्डं चारच बसतात आणि स्लॉटवर घड्याळाची जोडी एकच असल्याने ती चौघांना वाटून देणारी चिप बसवावीच लागते.

मी तिसरी वाट धरतो, पीसीआय एक्स्प्रेस स्विचची. एएसमीडियाची एएसएम११८४ई ही चिप एका एक्स-१ चे चार पोर्ट करते, तर एएसएम११८७ई एकाचे सात. दोन्ही दुसऱ्या पिढीच्या आहेत. सहा कार्डांना ११८७ पुरते आणि एक पोर्ट शिल्लक राहतो. सहाही कार्डं एकाच ५०० मेगाबाइटच्या वाटेवर आली, तर वाट्याला सुमारे ८३ मेगाबाइट येतात, म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त. पीईएक्स८७४७ सारखी ४८ लेनची तिसऱ्या पिढीची चिप पाहून हात शिवशिवतात खरे, पण ती महाग आहे, तापते आणि इथे तिला कामच नाही. मुंगीसाठी तोफ कशाला?

विजेचा हिशेब, सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत सावकाश

एक्स-१६ स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट घेता येतात. त्यांची फोड अशी: १२ व्होल्टवर ५.५ अँपिअर म्हणजे ६६ वॅट आणि ३.३ व्होल्टवर ३ अँपिअर म्हणजे सुमारे १० वॅट. १२ व्होल्टसाठी स्लॉटमध्ये पाच पिन आहेत, ए २, ए ३ आणि बी १ ते बी ३ (ए आणि बी या स्लॉटच्या दोन बाजू), म्हणजे प्रत्येक पिनवर १.१ अँपिअर. ही मर्यादा सगळी कार्डं पाळतातच असं धरून चालू नका. २०१६ मध्ये एएमडीच्या आरएक्स ४८० ची मूळ आवृत्ती स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती आणि कंपनीला ड्रायव्हर बदलून ते सावरावं लागलं. म्हणून आराखड्यात २० ते ३० टक्के जागा राखूनच ठेवा.

आता साटा प्लगकडे, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या रायझरच्या त्या चपट्या प्लगकडे वळू. त्यात १२ व्होल्टचे तीन संपर्क असतात आणि प्रत्येकाची क्षमता १.५ अँपिअर. एकूण ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. कार्डाने हक्काचे ६६ वॅट मागितले की हा प्लग तापणार. तापला की संपर्क सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो. या चक्राचा शेवट वितळलेल्या प्लास्टिकमध्ये होतो. चार पिनी मोलेक्स त्यापेक्षा दणकट खरा, पण त्यातही १२ व्होल्टचा पिन एकच. आपल्या बोर्डावर दोन्हींना जागा नाही. ग्राफिक्स कार्डाला लागतो तोच आठ पिनी कनेक्टर वापरायचा. त्याची अधिकृत क्षमता १५० वॅट आहे.

सहा स्लॉट गुणिले ५.५ अँपिअर म्हणजे ३३ अँपिअर, ३९६ वॅट. आठ पिनी तीन कनेक्टर ४५० वॅट देतात. तेव्हा दर दोन स्लॉटमागे एक कनेक्टर, आणि तो त्या दोन स्लॉटच्या मधोमध. इथे एक निर्णय घ्यावा लागतो: १२ व्होल्टचं तांबं सलग ठेवायचं की तीन बेटांमध्ये तोडायचं? मी तोडतो. प्रत्येक बेटावर दोन स्लॉट आणि एक कनेक्टर. १२ व्होल्टच्या बाबतीत एका बेटाचा दुसऱ्याशी काहीही संबंध नाही, ग्राउंड मात्र सगळ्यांचं एक.

कारण असं, की मोठ्या रिगला बऱ्याचदा दोन पॉवर सप्लाय लावावे लागतात आणि दोन सप्लायचं १२ व्होल्ट एकमेकांना जोडणं म्हणजे भांडण लावून देणं. दोघांच्या व्होल्टेजमध्ये जरासा फरक असतोच, त्यामुळे जो किंचित वर तो सगळा भार ओढतो. एक बंद पडला तर दुसरा त्याच्यात उलटा करंट ढकलू लागतो. बेटं वेगळी असली की नियम सुटसुटीत होतो: ज्या सप्लायवरून बेटाला वीज, त्याच सप्लायवरून त्या बेटावरच्या कार्डांच्या वरच्या सहा-आठ पिनी प्लगला वीज. स्लॉट एका सप्लायवर आणि कार्डाचा प्लग दुसऱ्यावर, असं कधीही करू नका.

तांब्याच्या जाडीचा विचार करू. नेहमीच्या पीसीबीवर एक औंसाचं, म्हणजे ३५ मायक्रॉन जाडीचं तांबं असतं. आयपीसी-२२२१ च्या सूत्राने बाहेरच्या थरावर १० अँपिअर नेताना तापमान १० अंशांहून जास्त वाढू द्यायचं नसेल तर सुमारे ७ मिमी रुंदीचा ट्रेस (तांब्याची रेघ) लागतो, ५.५ अँपिअरला सव्वातीन मिमीच्या आसपास. दोन औंसाचं तांबं घेतलं की रुंदी निम्मी होते. आतल्या थराला वारा लागत नाही, तिथे रुंदी बरीच जास्त धरावी. ट्रेस काढत बसण्यापेक्षा अख्खा पट्टा भरून टाकणं उत्तम.

आणखी एक सोपा आकडा म्हणजे एक औंसाच्या तांब्याच्या चौकोनी तुकड्याचा रोध. तुकडा केवढाही असो, रोध साधारण अर्धा मिलिओहम. समजा ६० मिमी रुंद आणि ३०० मिमी लांब पट्ट्यात एकाच टोकाने ३३ अँपिअर घातले. पट्टा पाच चौकोनांचा, म्हणून रोध अडीच मिलिओहम. सगळा करंट शेवटच्या टोकापर्यंत जातो असा वाईटातला वाईट हिशेब धरला तरी व्होल्टेज ८२ मिलिव्होल्टने पडतं आणि पावणेतीन वॅट उष्णता होते. तांबं एवढं सोसतं. सोसत नाहीत ते चिंचोळे गळे: कनेक्टरचे पाय, एका कोपऱ्यात दाटलेले व्हाया (एका थरातून दुसऱ्यात करंट नेणारी तांब्याची भोकं), फ्यूजचा पॅड. ०.३ मिमीच्या व्हायाला एक अँपिअरपेक्षा जास्त देऊ नका. १२ अँपिअर एका थरातून दुसऱ्यात न्यायचे असतील तर वीसएक व्हाया पसरून टाका.

ग्राउंडकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. जेवढा करंट १२ व्होल्टमधून आत येतो तेवढाच ग्राउंडमधून बाहेर पडतो. तिथे कंजूषपणा केला तर परतीचा करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट बहुधा मदरबोर्डाच्या बारीक केबलमधून जाते.

प्रत्येक स्लॉटच्या १२ व्होल्टवर स्वतंत्र फ्यूज हवाच. मी गाडीत असतो तो पात्याचा फ्यूज वापरतो, साडेसात अँपिअरचा. उडाला तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि सोल्डर न करता बदलता येतो. आपोआप पूर्ववत होणारे पॉलिफ्यूज आकर्षक वाटतात, पण ते स्वतः उष्णतेवर चालतात. गरम कार्डांच्या शेजारी त्यांची क्षमता घसरते आणि विनाकारण तुटतात. फ्यूजनंतर, स्लॉटच्या अगदी जवळ, ४७० मायक्रोफॅरडचा एक कमी ईएसआरचा (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर आणि सोबत दोन-तीन सिरॅमिक ठेवा.

३.३ व्होल्ट कुठून आणायचे? सर्व्हरमधून काढलेले पॉवर सप्लाय मायनिंगला लोकप्रिय आहेत, आणि त्यांच्याकडे मोठा करंट मिळतो तो फक्त १२ व्होल्टवर. म्हणून ३.३ व्होल्ट बोर्डावरच बनवावे. दर स्लॉटला ३ अँपिअरचा लहानसा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) द्यावा. सहा स्लॉटना मिळून एक मोठा बसवणं स्वस्त पडतं, पण तो गेला की सहाही कार्डं एकदम जातात.

एक सूचना रंगीत अक्षरांत बोर्डावर छापून घ्या: सीपीयूचा आठ पिनी प्लग इथे लावू नये. सीपीयूच्या आणि ग्राफिक्स कार्डाच्या आठ पिनी प्लगमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट असतात. मॉड्युलर सप्लायच्या केबलींचंही तेच. एका कंपनीची केबल दुसऱ्याच्या सप्लायमध्ये बसते, पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते. नवी केबल मल्टिमीटरने तपासल्याशिवाय कार्डाला लावू नका.

एकूण सप्लाय किती वॅटचा? व्होल्टेज उतरवून चालवलेलं कार्ड १३० वॅट घेतं असं धरलं तर सहांचे ७८०, मदरबोर्ड वगैरेंचे ८०, असे ८६०. सप्लाय चोवीस तास ८० टक्क्यांहून जास्त भारावर ठेवू नये या बेताने १०७५, म्हणजे १२०० वॅटचा घ्या. ९२ टक्के कार्यक्षमता असेल तर भिंतीतल्या प्लगमधून ९३५ वॅट जातील. वीजबिलाच्या हिशेबात हाच आकडा धरायचा.

घड्याळ, रीसेट आणि हजेरी

प्रत्येक कार्डाला १०० मेगाहर्ट्झचं संदर्भ-घड्याळ लागतं. ते ए १३ आणि ए १४ या पिनांवर जोडीने येतं. बोर्डावर स्वतःचा क्रिस्टल ठेवण्याचा मोह आवरा. बरेच मदरबोर्ड हे घड्याळ मुद्दाम किंचित हलतं ठेवतात, याला स्प्रेड स्पेक्ट्रम म्हणतात. एका टोकाचं घड्याळ हलतं आणि दुसऱ्या टोकाचं स्थिर असलं की लिंक तुटत राहते. म्हणून मदरबोर्डाचंच घड्याळ केबलने आणायचं आणि एकाचे आठ करणाऱ्या क्लॉक बफरने स्विचला आणि सहा स्लॉटना वाटायचं. प्रत्येक तारेवर बफरजवळ ३३ ओहम ओळीत आणि ४९.९ ओहम ग्राउंडकडे, ही नेहमीची जुळणी. काही बफरमध्ये हे रोध आतच असतात, काही स्विचमध्ये तर बफरच आत असतो. डेटाशीट वाचूनच ठरवा.

रीसेटचा पिन ए ११. वीज स्थिर झाल्यावर किमान १०० मिलिसेकंद तो खाली धरून ठेवायचा आणि सोडण्याआधी किमान १०० मायक्रोसेकंद घड्याळ चालू असलं पाहिजे. नवख्या बोर्डांची बहुतेक गाडी इथेच अडते. मदरबोर्ड आधी जागा होतो, रीसेट सोडतो, कार्डं मोजतो, आणि आपल्या बोर्डाला वीज त्यानंतर मिळते. मग सहाच्या सहा कार्डं बेपत्ता! यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही करा. मदरबोर्डाचा रीसेट आणि आपल्या बोर्डाची ‘वीज ठीक’ खूण एका अँड गेटमधून (दोन्ही खुणा मिळाल्या तरच पुढे सोडणाऱ्या चिपमधून) न्या, आणि बोर्डाचा सप्लाय मदरबोर्डाच्या आधी किंवा त्याच क्षणी चालू होईल अशी जोडणी करा.

हजेरीचे, म्हणजे कार्ड बसलंय की नाही ते सांगणारे, पिन सोपे आहेत. ए १ ग्राउंडला. बी १७, बी ३१, बी ४८ आणि बी ८१ हे चार एकत्र करून, पुल-अप रोध (रेषा एरवी वर धरणारा) लावून स्विचच्या हजेरी पिनाला. एक्स-१६ कार्ड ए १ आणि बी ८१ आतून जोडतं, म्हणजे कार्ड बसलं की ती रेषा खाली जाते. तिथेच एक एलईडी लावा, कार्ड नीट बसलं की नाही ते लांबून कळतं. जेटॅग आणि एसएमबस या चाचणीच्या आणि देखरेखीच्या वाटांचे पिन मोकळे सोडा. एकाच जातीच्या सहा कार्डांचे एसएमबस पत्ते एकमेकांवर आदळतात.

मदरबोर्ड ते बोर्ड या वाटेवर रायझरवाले वापरतात तीच यूएसबी ३.० केबल चालते. तिच्यात तारांच्या तीन जोड्या असतात आणि आपल्यालाही तीनच हव्यात: पाठवण्याची, घेण्याची आणि घड्याळाची. उरलेल्या तारेने रीसेट. केबल यूएसबीची असली तरी तिच्यातून वाहणारं काहीही यूएसबी नाही. ती चुकूनही संगणकाच्या यूएसबी पोर्टला लावू नका. अशा केबलीत पाठवणारी आणि घेणारी जोडी बहुधा आतच उलटसुलट केलेली असते, त्यामुळे आराखडा पक्का करण्याआधी मल्टिमीटरच्या बीपने प्रत्येक तार तपासा. आणि या केबलमधून १२ किंवा ३.३ व्होल्ट नेऊ नका. ग्राउंड सोडलं तर दोन्ही बोर्डांची वीज एकमेकींना भेटता कामा नये.

पीसीबी काढताना

चार थर पुरतात: वर सिग्नल, त्याखाली सलग ग्राउंड, मग १२ व्होल्ट आणि तळाला ३.३ व्होल्ट व किरकोळ जोडण्या. वेगवान जोड्या फक्त वरच्या थरावर ठेवा, म्हणजे त्यांच्याखाली अखंड ग्राउंड राहतं. तळाला नेल्या तर त्यांच्यावर १२ व्होल्टचा पट्टा येतो आणि तो तर आपण तीन बेटांत तोडलेला. तुटलेल्या जागेवरून जोडी नेणं म्हणजे खड्ड्यावरून सायकल नेणं.

जोडीचा डिफरन्शियल इम्पीडन्स (वेगवान सिग्नलला दोन तारांमध्ये जाणवणारा रोध) ८५ ओहम धरा आणि ऑर्डर देताना इम्पीडन्स कंट्रोल मागा. ट्रेसची नेमकी रुंदी आणि अंतर पीसीबी बनवणाऱ्याच्या थरांच्या जाडीवर ठरतं, दुसऱ्याच्या आराखड्यातून उचलू नका. जोडीतल्या दोन तारांची लांबी ०.१३ मिमीच्या आत जुळवा. वेगवेगळ्या स्लॉटच्या लांब्या एकमेकांशी जुळवायची मात्र गरज नाही. प्रत्येक स्लॉटची लेन एकच आहे, तिला शेजारणीशी पाऊल जुळवायचं नसतं. मी पहिल्या वेळी सहाही जोड्यांना नागमोडी वळणं देत एक अख्खा रविवार घालवला होता. अधिक-उणे तारांची अदलाबदल झाली तरी घेणारी चिप ती सावरून घेते, तेव्हा तेवढ्यासाठी व्हाया टोचत बसू नका.

आता माझा खरा घोळ. पीसीआय एक्स्प्रेसच्या प्रत्येक जोडीवर कपॅसिटर लागतो आणि तो पाठवणाऱ्याच्या बाजूला असतो. पहिल्या-दुसऱ्या पिढीला ७५ ते २०० नॅनोफॅरड चालतात, नेहमी १०० बसवतात. मी स्विचपासून स्लॉटपर्यंतच्या जोडीवर ते लावले, बरोबर केलं. मग नीटनेटकेपणाच्या नादात स्लॉटकडून स्विचकडे येणाऱ्या जोडीवरही लावले. ती जोडी कार्ड पाठवतं आणि कार्डावर कपॅसिटर आधीच असतात. ओळीत दोन शंभर म्हणजे पन्नास, किमान मर्यादेच्याही खाली. परिणाम असा विचित्र, की एक कार्ड सकाळी दिसायचं आणि संध्याकाळी गायब. दोन आठवडे मी सप्लायला दोष देत बसलो. शेवटी बारा कपॅसिटर काढून तिथे शून्य ओहमचे रोध लावले आणि कार्डं दिसायला लागली ती कायमची. स्विचच्या वरच्या बाजूलाही हाच न्याय: स्विच मदरबोर्डाकडे पाठवतो त्या जोडीवर कपॅसिटर तुमचे, उलट बाजूचे मदरबोर्डावर आहेतच.

स्लॉटमधलं प्रमाण अंतर २०.३२ मिमी असतं, म्हणून दोन स्लॉट जाडीचं कार्ड ४०.६४ मिमी जागा खातं. हवा खेळायला ६५ मिमी ठेवा. पाच अंतरांचे ३२५ मिमी आणि कडा धरून बोर्ड साधारण ३६५ मिमी लांब होतो. स्विच मध्यावर ठेवला तर सर्वांत लांबचा स्लॉट १६५ मिमीवर येतो आणि साध्या एफआर-४ वर (पीसीबीच्या नेहमीच्या पदार्थावर) दुसऱ्या पिढीचा वेग तेवढं अंतर सहज कापतो. प्रत्येक दोन स्लॉटमध्ये स्क्रूचं भोक हवं, नाहीतर कार्ड खुपसताना बोर्ड वाकतो आणि सिरॅमिक कपॅसिटरला न दिसणारी चीर जाते. कार्डाचं वजन धातूच्या पट्टीने वरच्या रेलवर तोलायचं, स्लॉटवर नाही.

१२ व्होल्टच्या पिनांना पूर्ण तांबं जोडलं की सोल्डर करणं कठीण जातं, कारण सगळी उष्णता पट्टा पिऊन टाकतो. म्हणून थर्मल रिलीफची, म्हणजे पिन पट्ट्याशी फक्त बारीक पुलांनी जोडणारी, नक्षी द्यायचा मोह होतो. देऊ नका, तोच पुढे गळा ठरतो. बोर्ड खालून तापवून जाड टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर करा आणि सोल्डर पलीकडच्या बाजूला वर आलेलं पाहा.

पहिल्यांदा वीज देताना

कार्ड न लावता सुरुवात करा. प्रत्येक बेटाचा १२ व्होल्ट ते ग्राउंड रोध मोजा. कपॅसिटर भरत जातील तसा आकडा वर चढला पाहिजे, शून्याला चिकटून राहिला तर थांबा. एका बेटाचा १२ व्होल्ट दुसऱ्याला कुठे टेकत तर नाही ना, तेही पाहा. मग बेंच सप्लाय १२ व्होल्ट, मर्यादा अर्धा अँपिअर. सहाही स्लॉटवर ३.३ व्होल्ट मोजा. मदरबोर्ड जोडून ऑसिलोस्कोपवर घड्याळ आणि रीसेटचा क्रम पाहा.

पहिलं कार्ड जुनं आणि स्वस्त असावं, ज्याचं सुतक पाळावं लागणार नाही असं. बायोसमध्ये त्या पोर्टचा वेग पहिल्या पिढीवर बांधून ठेवा. लिनक्समध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा झाडासारख्या मांडणीत चालवली की स्विच आणि त्याखालचे सात पोर्ट दिसतात. नुसता स्विच दिसतो, कार्ड नाही, तर घड्याळ किंवा रीसेट तपासा. स्विचही दिसत नसेल तर केबलची उलटसुलट जोडणी. सविस्तर माहितीत लिंकची रुंदी एक आणि वेग २.५ आला पाहिजे. दुसऱ्या पिढीवर नेल्यावर तो कामाच्या वेळीच तपासा, कारण रिकामं कार्ड स्वतःहून वेग उतरवतं. कर्नलच्या नोंदीत दुरुस्त झालेल्या चुका मिनिटाला डझनाने वाढत असतील तर पुन्हा पहिल्या पिढीवर या. हॅशरेटमध्ये, म्हणजे मायनिंगच्या वेगात, फरक दिसणार नाही.

कार्डं एकेक करून वाढवा. चार-पाचव्या कार्डाला मशिन बूट होताना अडकलं, तर दोष बहुधा बोर्डाचा नसतो. प्रत्येक कार्ड पत्त्यांच्या नकाशात साधारण २५६ मेगाबाइटची खिडकी मागतं आणि चार गिगाबाइटखाली तेवढी जागा उरत नाही. बायोसमध्ये ‘अबव्ह फोर-जी डिकोडिंग’ चालू करा. रिसायझेबल बार बंद ठेवा, नाहीतर कार्ड आपल्या सगळ्या मेमरीएवढी खिडकी मागतं. सीएसएम ही बूट करण्याची जुनी पद्धत आणि न लागणारे ऑडिओ, सिरियल पोर्ट बंद करा.

सहाही कार्डं लागली की पूर्ण भारावर तासभर चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने आठ पिनी कनेक्टर, फ्यूज, बक आणि स्विच तपासा. आजूबाजूच्या हवेपेक्षा कनेक्टर ३० अंशांहून जास्त तापला असेल तर पिन सैल आहे किंवा सोल्डर अर्धवट. स्लॉटच्या पिनांवर व्होल्टेज मोजा, ११.७ च्या खाली गेलं तर वाट कुठे चिंचोळी झाली ते मिलिव्होल्ट मोजत मोजत शोधा. मग चोवीस तास चालू द्या आणि दुसऱ्या दिवशी वीज बंद करून प्रत्येक प्लग उपसून त्याच्या प्लास्टिकचा रंग पाहा.

राहिला स्विचचा सातवा पोर्ट. तो वाया घालवू नका. त्याच्या तीन जोड्या आणि रीसेट बोर्डाच्या कडेला तशाच एका यूएसबी कनेक्टरवर काढून ठेवा. स्विचखाली दुसरा स्विच चालतो, त्यामुळे पुढेमागे असाच दुसरा बोर्ड तिथून साखळीने जोडता येईल. फक्त तेव्हा एक अडचण आड येऊ शकते. प्रत्येक पोर्ट आय-ओ पत्त्यांचा किमान चार किलोबाइटचा तुकडा मागू शकतो आणि एकूण जागा ६४ किलोबाइटच, म्हणजे सोळा तुकडे. काही बायोस इथे हटून बसतात, तेव्हा दुसऱ्या बोर्डाच्या पीसीबीला पैसे मोजण्याआधी एखाद्या उसन्या स्विच कार्डावर हे चाचपून घ्या.